झाकून ठेवता येत नाही असं काही

आई सध्या बार्शीला, बहिणीकडे आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्वयंपाक काय केलाय?" तब्येत, पाऊस, लाइट बिल हे सगळं नंतर. त्या दिवशी मी म्हणालो, "आज मी करतोय." "मटण आणलास काय?" असं तिने लगेच विचारलं. आमच्या घरातल्या पुरुषांना चूल माहीत आहे ती फक्त मटणापुरती. वर्षातून काही रविवार मोठं पातेलं काढायचं, काळा मसाला भाजताना सगळ्या गल्लीला ठसका लावायचा आणि वर्षभर त्याचीच फुशारकी मारायची. मटण नाही, गोडाचं करतोय, असं मी सांगितलं. खाली केक, केकवर आइस्क्रीमचा घुमट, घुमटावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेटून केलेला साखरेचा फेस, आणि पानात वाढायच्या आधी त्या फेसाला जाळ लावायचा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं, ती हसेल, नाहीतर 'हे कुठलं खूळ' म्हणेल. तिने एवढंच विचारलं, "आणि उरलं तर?"

उरत नाही गं ते, असं काहीतरी मी बोललो. "न उरायला काय झालं? दोघंच तर हाय की तुम्ही," असं म्हणून ती बहिणीच्या धाकट्याच्या खोकल्यावर गेली. फोन संपला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

गोड लागेल का, जमेल का, खर्च किती, एवढी हौस कशासाठी, यातलं काहीच तिला विचारावंसं वाटलं नाही. उरल्यावर त्याचं काय होणार, हाच तिच्या दृष्टीने कुठल्याही पदार्थाचा पहिला गुण. आणि खरं सांगायचं तर हे तिच्या एकटीचं नाही, आमच्या अख्ख्या मुलखाचं आहे. सोलापूरने जगाला जे काही दिलं ते टिकणारं दिलं. कडक भाकरी घ्या. पापडासारखी पातळ थापून, भाजून, पार वाळवलेली. महिना झाला तरी कुडुमकुडुम वाजते. शेंगांची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटली की बरणीत बसून राहते, पुण्याच्या हॉस्टेलवर जाते, अमेरिकेच्या विमानात चढते. चादरीचं तर बोलायलाच नको. आईच्या लग्नातली चादर आमच्याकडे अजून वापरात आहे. मधे विरळ झाली, पण तिच्यावरचा मोर काही उडून जायला तयार नाही. इथल्या उन्हात सकाळी केलेली आमटी दुपारी आंबते, पाऊस येईल त्या वर्षी येतो, म्हणून आम्ही सगळं वाळवतो, भाजतो, कुटतो आणि ठेवून देतो. ज्वारी जमिनीत पेव खणून पुरून ठेवणाऱ्यांची आम्ही पोरं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट लहानपणी ऐकायचो, दुष्काळात त्यांनी कोठारं उघडली ती. सगळे दामाजीपंतांच्या दयेबद्दल बोलायचे. आजीचं त्यावरचं म्हणणं वेगळंच होतं. भरलेलं कोठार होतं म्हणून उघडता आलं, म्हणायची.

अशा गावात, मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, पाच मिनिटांवर जीव नसलेला पदार्थ करायला निघालेला माणूस आईला येडाच वाटणार.

मे महिना यासाठी, की आमचं लग्नच मे महिन्यातलं. ज्यांनी सोलापुरात मे महिन्यात दुपारच्या मुहूर्तावर मुंडावळ्या बांधल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, पण दर वाढदिवसाला आम्ही दोघंच कुठे जेवलो असं कधी झालं नाही. पहिल्या वाढदिवसाला होटगी रोडला जेवायला जायचं ठरलं, तर बरोबर आई, वडील, दोन्ही बहिणी, त्यांची मुलं आणि ऐनवेळी टपकलेले एक मामा. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही, हिच्या मांडीवर भाच्याचं पोरगं. कुणाचं काही चुकलं असं नाही. घरात माणसं होती, माणसं आली. यंदा मात्र लेक पुण्यात, आई बार्शीत, आणि घरात आम्ही दोघं आणि कूलरचा आवाज. काही दिवस तर एकमेकांशी काय बोलावं हेच सुचत नव्हतं.

हा पदार्थ डोक्यात आला तो पुण्यात. लेकीला भेटायला गेलो तेव्हा तिने आम्हाला एका भारीतल्या हॉटेलात नेलं. मेनूकार्डावर उजवीकडचे आकडे आधी वाचायची हिची सवय, ती तेच करत होती. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर वेटर एक पांढरा डोंगर घेऊन आला, दिवे थोडे मंद केले आणि डोंगरावर चमच्याने पेटती दारू ओतली. निळी ज्योत वरून खाली घरंगळत आली. त्या टेबलावरची मुलगी तोंडावर हात ठेवून किंचाळली, सगळ्यांनी मोबाइल काढले. ही म्हणाली, "कित्ती नाटकं." पण मेनूकार्ड तिने खाली ठेवलेलं होतं, आणि ज्योत विझेपर्यंत तिची नजर हलली नव्हती. मी बघत होतो.

बेक्ड अलास्का. लेकीने नाव सांगितलं, आणि रात्रभर मी मोबाइलवर तेच वाचत बसलो. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको नावाच्या रेस्टॉरंटात चार्ल्स रॅनहोफर नावाचा फ्रेंच आचारी होता. त्याने 1894 साली 'द एपिक्युरियन' नावाचा जाडजूड पाकग्रंथ छापला, त्यात 'अलास्का, फ्लोरिडा' या नावाने ही कृती आहे. अमेरिकेचं सगळ्यात गार टोक आणि सगळ्यात उबदार टोक एकाच बशीत. अलास्का अमेरिकेने रशियाकडून 1867 साली 72 लाख डॉलरला विकत घेतला होता, आणि बर्फाच्या रानावर पैसे उधळले म्हणून तिथल्या लोकांनी त्या व्यवहाराची भरपूर टिंगल केली होती. उरलं तर काय करणार, असा प्रश्न तेव्हा तिथेही कुणीतरी विचारलाच असणार. मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्याकडे जुन्या गिरणीची चिमणी पहिल्यांदा धूर सोडत होती त्याच काळात तिकडे हे लोक आइस्क्रीम भट्टीत घालत होते.

आइस्क्रीम भट्टीत जाऊन वितळत कसं नाही, याचं उत्तर इतकं साधं आहे की पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. फेसात असते हवा. अंड्याच्या पांढऱ्या भागात नव्वद टक्के पाणीच असतं, उरलेलं बहुतेक प्रथिन. आपण फेटतो तेव्हा प्रथिनाच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या एकेका बुडबुड्याभोवती त्याचा पापुद्रा धरतो. हवेतून उष्णता पाण्याच्या मानाने पंचवीसेक पट हळू जाते. मग वरून जाळ कितीही लावा, तो बुडबुड्यांच्या गर्दीत अडकून पडतो. खालून ताटाची ऊब केक अडवतो, कारण केक म्हणजेही भोकाभोकांतली हवाच. आमच्या आजोळी, माळशिरसकडे, माळवदाचं घर होतं. लाकडी सऱ्यांवर हातभर मातीचा थर, वर पांढरी माती चोपलेली. बाहेर फुफाटा उडत असायचा आणि आत माजघरात दुपारी अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायचं. अलास्का म्हणजे साखरेचं माळवद. एवढं लक्षात आल्यावर माझी भीती गेली. माळवद दर पावसाळ्याच्या तोंडी शेकारावं लागायचं, कुठे फट राहिली की तिथूनच गळायचं. इथेही तसंच. फेस सगळीकडून सारखा जाड हवा आणि खाली केकच्या कडेला पक्का चिकटलेला हवा. एवढी एकच खबरदारी, बाकी सगळा फाफटपसारा.

ऑक्सफर्डचे एक भौतिकशास्त्रज्ञ, निकोलस कुर्ती, यांनी 1969 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातल्या विज्ञानावर व्याख्यान दिलं आणि हाच पदार्थ उलटा करून दाखवला. बाहेर थंडगार, आत कढत. तेव्हा नव्या असलेल्या मायक्रोवेव्हची करामत, कारण त्या लहरी बर्फातून फारशा न अडता आरपार जातात आणि आतला गोड रस मात्र तापवतात. त्याला नाव दिलं 'फ्रोझन फ्लोरिडा'. आयुष्य अतिथंड तापमानांचा अभ्यास करण्यात घालवलेला माणूस रिकाम्या वेळात हे करत होता, हे वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. हौसेला कारण लागत नाही, पण एखाद्या प्राध्यापकाचा दाखला मिळाला तर बरं असतं.

आइस्क्रीम विकतचं घ्यायचं नाही हे मी ठरवलं होतं. हिच्या माहेरी, उत्तर कसब्यात, गड्ड्याच्या जत्रेला घरभर शेंगापोळ्या व्हायच्या. संक्रांतीला नंदीध्वज बघायला पै-पाहुणे यायचे आणि परत जाताना प्रत्येकाच्या पिशवीत शेंगापोळ्यांची चळत. त्याच चवीचं आइस्क्रीम करायचं होतं. गूळ, भाजलेल्या दाण्याचा जाडसर कूट, वेलदोडा. चार अंडी फोडली, पिवळे बलक एका भांड्यात आणि पांढरा भाग दुसऱ्यात, आणि हे काम मी एकेक अंडं वेगळ्या वाटीत फोडून केलं, कारण बलकाचा ठिपका जरी पांढऱ्यात उतरला तरी त्यातल्या स्निग्धामुळे फेस धरत नाही. बलक थोड्या साखरेबरोबर घोटून अर्ध्या लिटर दुधात मंद आचेवर शिजवले, उलथन्याच्या पाठीला थर धरेपर्यंत. ऐंशी अंशांच्या थोडं वर गेलं की दाट होतं, आणखी तापलं की त्याची भुर्जी होते. गूळ मात्र गरम दुधात घालायचा नाही, दूध फाटतं, हे सगळ्या शेवयांच्या खिरी करणाऱ्यांना ठाऊक असतं. कोमट झाल्यावर किसलेला गूळ, साय, कूट. मग डब्यात घालून फ्रीजरमध्ये. मधेमधे काढून काट्याने खरवडून परत. बलक आइस्क्रीमला लागले, पांढरा भाग झाकण लावून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसाच्या फेसासाठी थांबला. चार अंड्यांतलं थेंबभर वाया गेलं नाही. आईला हे सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलगट वाडग्याला आतून पातळ प्लास्टिक लावून त्यात आइस्क्रीम दाबून भरलं, वर दाण्याच्या कुटाचा गोल केक बसवला आणि पुन्हा फ्रीजरमध्ये.

राहिला जाळ. वेटरसारखी दारू ओतायची हिंमत नव्हती, आणि घरात दारू आणायची तर त्याहून नव्हती. नवी पेठेत, चाटी गल्लीत स्वयंपाकाच्या दुकानांतून विचारलं, तर सगळ्यांनी गॅस पेटवायचा लायटर पुढे केला. शेवटी एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. फ्रीज दुरुस्त करणारे नळी सांधायला वापरतात तो छोटा टॉर्च, खाली ब्युटेनचा डबा. दुकानदाराने बाहेर येऊन, ऐन रस्त्यात, पेटवून दाखवला. निळी सुई सुर्रर्र आवाज करत बाहेर आली.
"कुठलं काम हाय? तांबं का पितळ?"
"अंडं," मी म्हणालो.
त्याने ज्योत बंद केली. माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "घ्या की. त्याला पण चालतंय." आणि वर पाच टक्के कमी केले. सोलापूरचा माणूस चौकशी करतो, पण गिऱ्हाईक वेडं असलं तरी त्याला वेड्यात काढत नाही.

दुपारी चारच्या सुमारास वळवाचा वारा सुटला. धूळ, पत्र्यांचा खडखडाट, दोन थेंब आणि लाइट गायब. मी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसलो. भरलेला फ्रीजर उघडला नाही तर तासन् तास थंडी धरतो हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि दार न उघडणं यांत बरंच अंतर आहे. ही ऑफिसातून आली तेव्हा मी अंधारात फ्रीजवर हात ठेवून बसलेलो. "काय झालं हो याला?" तिने विचारलं. काही नाही, म्हणालो. लाइट आली तेव्हा दोघांनी एकदमच 'आली' असं ओरडलो, ते इथली सगळी माणसं ओरडतात तसं.

आणि आता झाकून ठेवण्याबद्दल. वडील गिरणीत होते. पाळ्या बदलत असायच्या. दुसरी पाळी असली की ते रात्री बाराच्या पुढे घरी यायचे. आम्ही झोपलेलो. ओट्यावर त्यांचं ताट असायचं, त्यावर पालथं दुसरं ताट, आणि त्यावर मांजराच्या भीतीने वरवंटा. अर्धवट झोपेत वरवंटा उचलल्याचा आवाज यायचा, मग ताटाचा, मग कांदा बुक्कीने फोडल्याचा. आई उठायची नाही. पहाटे चारला तिला पाण्यासाठी उठायचं असायचं. त्या दोघांनी एकमेकांना कधी काही म्हटल्याचं, दिल्याचं, आणल्याचं मला आठवत नाही. पण ते ताट झाकलेलं नाही अशी रात्र मला आठवत नाही. ताटात भाजीचा मधला, दाटसर भाग असायचा. भाकरी सगळ्यात शेवटी केलेली, म्हणजे त्यातल्या त्यात ताजी. 'तुझ्यासाठी ठेवलंय झाकून' या वाक्यात आमच्याकडचं सगळं आलं. ज्याच्यासाठी ठेवायचं तो समोर नसतो, हीच तर त्यातली गंमत. त्याने केव्हाही यावं, एकट्याने खावं, कुणाचे आभार मानायला नकोत, कुणी बघायला नको.

माझा अलास्का याच्या नेमका उलट. तो झाकून ठेवता येत नाही. फेस डब्यात राहिला की पाझरायला लागतो, खाली पाकाचं तळं होतं. त्याला माणूस समोर लागतं, त्याच वेळी लागतं, आणि त्याने बघावं लागतं. वरवंट्याखालच्या ताटाची कसली मागणी नव्हती. याची आहे. बस, इकडे बघ, आत्ता. विचार केल्यावर मला ते थोडं दांडगाईचंच वाटलं. पण त्या झाकलेल्या ताटांबद्दल आपण फार हळवं होऊन बोलतो असंही वाटलं. वडिलांना एखाद्या रात्री कुणीतरी जागं, समोर बसलेलं हवं असेल का? आईला कधी पाणी, पाळी, मांजर यांच्यापलीकडचं काही करून दाखवायचं असेल का? विचारायची सोय राहिली नाही. आईला विचारता येईल, पण ती 'उगं काहीतरी' म्हणेल आणि विषय बदलेल.

रात्री नऊला फेस करायला घेतला. चार अंड्यांचा पांढरा भाग साधारण सव्वाशे ग्रॅम भरतो, साखर त्याच्या दुप्पट. पातेल्यात पाणी उकळत ठेवून, पाण्याला बूड लागणार नाही असं वर भांडं धरायचं आणि ढवळत राहायचं. बोटांच्या चिमटीत घेतल्यावर साखरेचा कण लागेनासा झाला, सत्तर अंशांच्या आसपास गेलं, की खाली उतरवायचं. कच्चेपणाही जातो. चार थेंब लिंबाचे. फ्रान्समध्ये जुने आचारी यासाठी तांब्याचं भांडं वापरायचे, तांब्याचा अंश प्रथिनाला धरून ठेवतो म्हणून. आमच्याकडे तांब्याचा आहे तो पाणी प्यायचा तांब्या आणि एक कळशी, दोन्हींत बीटर जाणार नाही. आधी नुसता पांढरट बुडबुडा, साबणासारखा. मग दुधट. मग अचानक, आपण कंटाळलेले असताना, बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात. नंतर ते चमकायला लागतं, ओल्या संगमरवरासारखं नाही की कशासारखं नाही, त्याची चमक त्याचीच. भांडं डोक्यावर पालथं केलं तरी पडत नाही. हे मी खरंच करून बघितलं आणि हिने दारातून पाहिलं.

ही बसत नव्हती. खरी अडचण ती होती. टेबलावर चादर घातली होती (मोराची नाही, नवी), दोन बशा, दोन चमचे. मी सांगितलं, तू फक्त बस. ती बसली, आणि उठून पाण्याचे ग्लास आणले. पुन्हा बसली, आणि उठून ओट्यावर सांडलेली साखर पुसली. "राहू दे," मी म्हणालो. "मुंग्या येतील," ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. वीसेक वर्षं या घरात सगळ्यात शेवटी जेवायला बसलेल्या बाईला अचानक खुर्चीवर बसवून 'आता मजा बघ' म्हटलं, तर तिने हात कुठे ठेवायचे? पुण्यातल्या त्या मुलीला ते येत होतं. तोंडावर हात ठेवून किंचाळणं हीसुद्धा सवयीची गोष्ट असते.

कूलर बंद करावा लागला. त्याच्या वाऱ्याने ज्योत विझते आणि त्याच्या ओलाव्याने फेस चिकट होतो. दोन मिनिटांत दोघं घामाने निथळत होतो. गच्चीवर जाऊ का, असं मी विचारलं होतं, पण मे महिन्यात रात्री अख्खी गल्ली गच्चीवर अंथरुणं टाकून असते, आणि 'सगळ्यांसमोर काय ते' म्हणून तिने ते आधीच बाद केलेलं. तर बंद खिडकीच्या त्या भट्टीत मी वाडगा पालथा केला, प्लास्टिक सोलून काढलं, गुळाच्या रंगाचा घुमट बाहेर आला. त्यावर उलथन्याने फेस लिंपला, चमच्याच्या पाठीने टोकं काढली. दिवा बंद केला. टॉर्च पेटवला.

सुर्रर्र. टोकं आधी पिवळी, मग बदामी झाली, आणि जळक्या साखरेचा, खमंग, किंचित कडवट वास घरभर पसरला. लगेच भिंतीपलीकडून शेजारच्या अक्कांचा आवाज आला, "वैनी, काय करपायलंय हो?" आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. ही क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "काही नाही हो अक्का, वांगं भाजायलोय!" "रात्रीचं?" "हां, उद्याच्या भरताला!" अंधारात, निळ्या उजेडात, तोंडावर हात ठेवून ती हसू दाबत होती.

मग ती उठलीच. "द्या इकडे," म्हणाली. "मागची बाजू पांढरीच राहिली. आणि एका जागी धरू नका, डाग पडायलेत." मी टॉर्च दिला. तिने बशी फिरवत, ज्योत लांब धरून, वरून खाली अशी फिरवली की फेस सगळीकडून सारखा, एकाच रंगाचा भाजत गेला. कुठेही काळं नाही. खरीखुरी वांगी गॅसवर भाजण्यात या हातांची इतकी वर्षं गेली आहेत, यात नवल काही नव्हतं. पण मी बाजूला उभा राहून बघत होतो, आणि बघायचं काम माझ्याकडे आलं हे मला बरं वाटलं.

दिवा लावला. सुरी गरम पाण्यात बुडवून कापलं. बाहेर कोमट, मऊ, जिभेवर ठेवताच नाहीसा होणारा फेस, आणि त्याच घासात गुळाचं, दाण्याचं, दातांना झिणझिण्या आणणारं गार आइस्क्रीम. दाण्याचा कूट दाताखाली आला तशी ती थांबली. "शेंगापोळी," म्हणाली. पुढे काही बोलली नाही, दुसरा घास घेतला. मी वाट बघत होतो. कडेने आइस्क्रीम बशीत उतरायला लागलं होतं, त्याचा ओघळ तिने बोटाने पुसून घेतला.

"गोड लई झालंय," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या वेळी साखर निम्मी घाला."

मी म्हणालो, साखर निम्मी केली तर फेस बसतो, त्याला जो ताठा येतो तो साखरेमुळेच.

"मग गूळ घाला."

"गुळाने तसा फेस धरत नाही."

"करून बघितलाय का?"

"नाही, पण..."

"मग?" म्हणून ती फ्रीज उघडून अंडी किती उरलीत ते बघायला गेली.